डब्ल्यूटीओच्या महासंचालकाला नक्की काय करता येतं?

अर्धविराम (धागाकर्ता)

परवा एका चर्चेत ‘जागतिक व्यापार संघटनेला आता खमका नेता हवा’ हे वाक्य तीन वेगवेगळ्या लोकांच्या तोंडून ऐकलं. तिघांचंही बाकी कशावर एकमत नव्हतं! तेव्हापासून डोक्यात एकच किडा वळवळतोय: खमका माणूस बसवला समजा त्या खुर्चीत, पण तो करणार काय?

नियमांची पानं उलटून पाहिली. महासंचालक जकात ठरवत नाही. कुणावर खटला भरू शकत नाही. कराराच्या एखाद्या कलमाचा अधिकृत अर्थ लावणं हेसुद्धा त्याचं काम नाही, ते मंत्री परिषद आणि सर्वसाधारण परिषदेकडे राखून ठेवलंय. नाणेनिधीत निदान कार्यकारी मंडळ आहे, कोट्याप्रमाणे मतं आहेत. इथे १६६ सदस्य, सगळे सारखे, आणि निर्णय सहमतीने.

बरं, ही खुर्ची भरते कशी तेही पाहा. रॉबर्तो अझेवेदो मुदत संपायच्या वर्षभर आधीच, ३१ ऑगस्ट २०२० ला पायउतार झाले. आठ उमेदवार उभे राहिले, शेवटी दोन उरले: नायजेरियाच्या एन्गोझी ओकोंजो-इवेला आणि दक्षिण कोरियाच्या यू म्युंग-ही. ऑक्टोबरमध्ये निवड करणाऱ्या तिघा राजदूतांनी सांगितलं, की सर्वाधिक पाठिंबा ओकोंजो-इवेलांना आहे. अमेरिकेने नाही म्हटलं. संपलं. मग वॉशिंग्टनमध्ये सरकार बदललं, फेब्रुवारी २०२१ मध्ये यू यांनी माघार घेतली आणि दहा दिवसांत नेमणूक झाली. मधले सहा महिने संघटना महासंचालकाविना होती, आणि समित्यांच्या बैठका चालूच होत्या.

माझं म्हणणं असं, की नेतृत्वाचा प्रश्न खुर्चीचा नाहीच. एका सदस्याने हात वर केला की सगळं ठप्प होतं, ती सोय आधी काढा. नेता आपोआप दिसेल. तुम्हाला काय वाटतं?

मीच_तो

पहिला! वाचून मग प्रतिसाद देतो.

जुनाट

धागा चांगला, निष्कर्ष घाईचा.

आमच्या पिढीला ‘डंकेल’ हे नाव पाठ होतं. वर्तमानपत्र उघडलं की डंकेल. हा माणूस कोण होता? गॅटचा महासंचालक, आर्थर डंकेल. म्हणजे आजच्या खुर्चीपेक्षाही कमकुवत खुर्ची, कारण डब्ल्यूटीओच्या आधीची गॅट ही मुळात संघटनाच नव्हती, १९४७ चा एक व्यापार करार होता. जी खरी संघटना व्हायची होती तिची सनद हवानात तयार झाली, पण अमेरिकन काँग्रेसने ती कधी मंजूरच केली नाही. तात्पुरत्या करारावर ४७ वर्षं काढली!

व्यापार वाटाघाटींची उरुग्वे फेरी १९८६ मध्ये सुरू झाली. १९९० च्या डिसेंबरात ब्रुसेल्सला संपायची होती, शेतीवरून कोसळली. पुढचं वर्षभर नुसता घोळ. तेव्हा २० डिसेंबर १९९१ ला डंकेलनी सगळ्या विषयांचा एकत्र मसुदा टेबलावर ठेवला. जिथे देशांचं जमलं होतं तिथे ते, आणि जिथे जमलं नव्हतं तिथे वाटाघाटी-गटांच्या अध्यक्षांनी आपल्या जबाबदारीवर मजकूर भरला. अधिकार नव्हताच. तरी १९९४ ला मराकेशमध्ये डब्ल्यूटीओ स्थापणाऱ्या ज्या करारावर सह्या झाल्या त्याचा बराचसा भाग तोच आहे.

तेव्हा खुर्चीला काही करता येत नाही हे पटत नाही. खुर्चीतल्या माणसाने शिव्या खायची तयारी ठेवली तर करता येतं. डंकेलनी जगभरच्या खाल्ल्या.

तळटीप

जुनाटकाका, अर्धं सहमत. पण पुढचं का गाळलंत? डंकेल मसुद्यातला शेतीचा भाग युरोपला पचला नाही. नोव्हेंबर १९९२ मध्ये अमेरिका आणि युरोपने वॉशिंग्टनच्या ब्लेअर हाउसला आपापसांत तडजोड केली आणि बाकीच्यांना ती कळवली. फेरी संपवली ती डंकेलनी नाही, त्यांच्यानंतरचे महासंचालक पीटर सदरलँडनी, १५ डिसेंबर १९९३ ला. मसुदा चालला कारण दोन बड्यांना करार हवा होता. आज त्यातल्या एकाला तो हवा आहे का, हा प्रश्न आहे.

आता धागाकर्त्यांच्या मूळ मुद्द्यावर. (नाव सार्थ करायला तळटिपेपासूनच सुरू करतो.) स्थापना करारातल्या नवव्या कलमाला एक तळटीप आहे. सहमती म्हणजे सगळ्यांनी हो म्हणणं नव्हे. निर्णयाच्या वेळी बैठकीत हजर असलेल्या कुणीही औपचारिक आक्षेप घेतला नाही, तर झाली सहमती. गप्प बसलात तर होकार. आलाच नाहीत तरी होकार. काही छोट्या देशांचं जिनिव्हात, म्हणजे संघटनेच्या मुख्यालयाच्या गावी, कार्यालयच नाही, त्यांचा होकार असा गैरहजेरीतून जमा होतो. त्यामुळे ‘एकाने हात वर केला की सगळं ठप्प’ हे कागदावर सर्वांना लागू आहे. प्रत्यक्षात हात वर करून तो तसाच वर ठेवायला, त्या रात्री राजधानीत येणारे फोन झेलायला जे बळ लागतं ते मोजक्यांकडेच असतं.

तंट्यांच्या बाबतीत मात्र १९९५ ला हे उलटं केलं. गॅटमध्ये हरलेला देश स्वतःविरुद्धचा निकाल अडवू शकायचा! डब्ल्यूटीओत निकाल मंजूरच होतो, सगळ्यांनी मिळून नको म्हटलं तरच तो थांबतो. जिंकलेला कशाला नको म्हणेल? इतकी सुंदर पाचर मारून ठेवली, आणि एक भोक राहिलं. अपील मंडळावर माणसं नेमायला साधी, जुनी सहमतीच लागते.

मीच_तो

वाचलं. तळटीप, अपील मंडळाचं जरा सोपं करून सांगा ना. आणि मतदान का घेत नाहीत? लोकशाही आहे ना?

तळटीप

@मीच_तो, सात सदस्यांचं मंडळ, प्रत्येक अपिलावर तिघे बसतात. २०१६ मध्ये ओबामांच्या काळात अमेरिकेने एका कोरियन सदस्याची फेरनियुक्ती अडवली. २०१७ पासून सगळ्याच नेमणुका अडवल्या. एकेकाची मुदत संपत गेली. १० डिसेंबर २०१९ ला दोघांची संपली (त्यातले एक भारताचे उजलसिंग भाटिया), उरल्या एकट्या चीनच्या झाओ हाँग. एकीने अपील ऐकता येत नाही. ३० नोव्हेंबर २०२० ला त्यांचीही मुदत संपली. तेव्हापासून मंडळ रिकामं. नेमणुका सुरू करा असा ठराव १३० सदस्यांच्या वतीने पुन्हा पुन्हा मांडला जातो, अमेरिका पुन्हा पुन्हा नाही म्हणते, पुढचा विषय.

मतदानाची तरतूद नवव्या कलमात आहे. एक देश, एक मत. पण कुणालाच ते नकोय. अमेरिकेला मतदानात हरवलं तर ती निघून जाईल ही एक भीती. दुसरी भीती कुणी बोलून दाखवत नाही: आज अमेरिकेला हरवलं, उद्या आपली पाळी. भारताला विचारा मतदान हवंय का!

गलबत

‘ती अमेरिका दुष्ट, बाकी सगळे बिचारे’ असं चित्र होतंय, म्हणून ही काडी.

मंडळ रिकामं असताना खालच्या पॅनेलच्या (तंटा आधी ऐकणाऱ्या समितीच्या) निकालाविरुद्ध अपील केलं तर काय होतं? काहीच नाही. अपील लटकतं आणि निकाल बंधनकारक होत नाही. याला ‘पोकळीत अपील’ म्हणतात. आता यादी बघा. निकेल धातूकाच्या निर्यातबंदीवर इंडोनेशिया हरला, डिसेंबर २०२२ मध्ये पोकळीत अपील. उसाच्या अनुदानावर ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमालाविरुद्ध भारत हरला, त्याचंही पोकळीत अपील. पोलाद-ॲल्युमिनियमच्या शुल्कावर खुद्द अमेरिका हरली, तिनेही तेच केलं. खड्डा खणला एकाने, कचरा टाकायला सगळी आळी.

ज्यांना खरंच हे नको होतं त्यांनी पर्याय काढला. युरोप, चीन, ब्राझील, कॅनडा वगैरेंनी २०२० मध्ये आपसांत लवादाची व्यवस्था केली, तंटानियमांच्या पंचविसाव्या कलमाखाली. जपान २०२३ मध्ये आला, ब्रिटन २०२५ मध्ये. त्यातला पहिला निकाल कशावर होता माहितेय? गोठवलेल्या फ्रेंच फ्राइजवर, कोलंबिया विरुद्ध युरोप. हसू नका, निकाल लागला, पोकळीत लटकला नाही. भारत त्यात नाही.

पाणवठा

+१ गलबत. अमेरिकेची तक्रार निव्वळ आडमुठेपणा नव्हती हेही लिहायला हवं. ९० दिवसांत निकाल द्यायचा होता, मंडळ सर्रास जास्त वेळ घ्यायचं. मुदत संपलेले सदस्य हातातली प्रकरणं चालवत राहायचे. जुन्या निकालांना जवळपास दाखल्याचं वजन यायला लागलं होतं.

आणि मुख्य दुखणं ‘झीरोइंग’. कुणी माल स्वस्तात ओततोय का हे बघताना त्याच्या देशातली किंमत आणि निर्यातीची किंमत ताडून बघतात. समजा दहा खेपा आहेत. सहा खेपांत निर्यातीची किंमत कमी, चार खेपांत जास्त. सरळ हिशेबात हे एकमेकांतून वजा व्हायला हवं. अमेरिका त्या चार खेपांचा फरक शून्य धरायची, म्हणजे ‘ओतण्याचा’ आकडा फुगायचा आणि शुल्कही. मंडळाने हे पुन्हा पुन्हा बेकायदा ठरवलं. अमेरिकेचं म्हणणं, करारात असं कुठे लिहिलंय? आणि खरं सांगायचं तर करारातला मजकूर तिथे मुद्दाम धूसर ठेवलाय, कारण १९९३ मध्ये जमलं नव्हतं. वाटाघाटीत जे जमलं नाही ते न्यायाधीशांवर ढकललं, आणि मग न्यायाधीश फार बोलतात म्हणून ओरड.

२०१९ मध्ये न्यूझीलंडचे राजदूत डेव्हिड वॉकर यांनी या सगळ्या तक्रारींवर उत्तरं लिहून दिली. अमेरिका म्हणाली, पुरेसं नाही. काय पुरेसं होईल ते सांगितलं नाही. २०२२ च्या मंत्री परिषदेत ठरलं, की २०२४ पर्यंत व्यवस्था पूर्ववत करायची. २०२४ आलं आणि गेलं.

रेवती_

मला एक विचारायचंय. मंडळ पूर्ववत झालं समजा. पण त्याचा उपयोग कुणाला होता? माझ्यासाठी सुधारणेचा प्रश्न इथे सुरू होतो.

दोन प्रकरणं शेजारी ठेवते. अँटिग्वा आणि बार्बुडा, लाखभर लोकवस्तीचा देश. ऑनलाइन जुगाराच्या सेवा अमेरिकेने अडवल्या म्हणून खटला भरला आणि जिंकला! अमेरिकेने कायदा बदलला नाही. मग नियमाप्रमाणे अँटिग्वाला प्रत्युत्तराची परवानगी. पण एवढासा देश अमेरिकन मालावर जकात लावणार म्हणजे स्वतःच्याच लोकांना महाग खायला लावणार. म्हणून २००७ मध्ये लवादाने वर्षाला २.१ कोटी डॉलरपर्यंत अमेरिकेचे बौद्धिक संपदा हक्क स्थगित करायची मुभा दिली. मागितले होते ३.४४ अब्ज. ती मुभा आजवर फाइलीतच आहे.

दुसरं, कापूस. अमेरिकेच्या कापूस अनुदानाविरुद्ध ब्राझील जिंकला. ब्राझील मोठा, अमेरिकन पेटंटांना हात घालीन म्हणून दम देऊ शकला. तेव्हा अमेरिकेने २०१० पासून वर्षाला १४.७३ कोटी डॉलर ब्राझीलच्या कापूस उत्पादकांच्या निधीला द्यायचं कबूल केलं, आणि २०१४ मध्ये आणखी ३० कोटी देऊन प्रकरण मिटवलं. नीट वाचा: स्वतःच्या शेतकऱ्यांचं अनुदान चालू ठेवता यावं म्हणून दुसऱ्या देशाच्या शेतकऱ्यांना पैसे! आणि त्याच अनुदानाने पोळलेले बेनिन, बुर्किना फासो, चाड, माली? २००३ पासून मागणी लावून बसलेत. त्यांनी खटला भरला नव्हता, सबब काही मिळालं नाही.

हे सगळं मंडळ सुरळीत चालू असतानाचं आहे बरं का. ‘२०१९ च्या आधीचं परत आणा’ ही सुधारणा असेल तर ती कुणासाठी?

अर्धविराम

रेवतीताई, हा मुद्दा माझ्या लेखात यायला हवा होता, आला नाही. कापसाचं ढोबळ माहीत होतं, पैसे कशासाठी दिले ते आत्ता नीट कळलं.

पण त्यातूनही माझंच म्हणणं पुढे जातं ना? नियम बदलायचे तर सहमती, आणि सहमती अडवणारे नेहमीच असणार.

खडूफळा

अर्धविराम, नकाराधिकार काढा म्हणताय ते दुबळ्यांच्या हातातली एकमेव काठी काढून घेण्यासारखं आहे. शिक्षकी पेशातून आलोय, उदाहरणाशिवाय बोलत नाही.

सरकारने हमीभावाने धान्य विकत घेऊन साठवलं तर ते शेती करारात ‘व्यापार बिघडवणारं अनुदान’ धरलं जातं आणि विकसनशील देशाला उत्पादनमूल्याच्या १० टक्क्यांची मर्यादा लागते. बरं, अनुदान मोजायचं कसं? आजचा हमीभाव वजा १९८६ ते ८८ ची आंतरराष्ट्रीय किंमत! मधली महागाई कुठे गेली? असं गणित मुलाने सोडवून आणलं तर मी वही परत दिली असती. २०१३ च्या बाली परिषदेत ‘शांतता कलम’ मिळालं: कायमचा तोडगा निघेपर्यंत यावर कुणी खटला भरणार नाही. तोडगा २०१७ च्या परिषदेपर्यंत काढायचं ठरलं होतं. २०१७ मध्ये निघाला नाही. २०२४ मध्ये अबू धाबीतही नाही.

आता त्याच अबू धाबीत १२० हून जास्त देश गुंतवणूक सुलभतेचा करार घेऊन आले, म्हणाले हा नियमपुस्तकात घाला. भारत आणि दक्षिण आफ्रिकेने अडवला. लगेच ‘भारत आडमुठा’. अहो, आमचं २०१३ चं उधार फेडा, मग नवीन खातं उघडू, यात आडमुठेपणा कुठला? तो नकार नसता तर धान्यसाठ्याचा विषय कुणी पटलावरही ठेवला नसता.

गलबत

सर, काठी म्हणता ती बरोबर. पण अकरा वर्षं काठी उगारून ठेवली आणि धान्याचा तोडगा काही मिळाला नाही. गुंतवणुकीचा करार अडवल्याने धान्यावर कोण नरमलं? कुणीच नाही. आणि त्या १२० मध्ये बरेचसे विकसनशील देशच आहेत, कित्येक आफ्रिकी आहेत. दुबळ्यांची काठी दुबळ्यांच्याच पाठीत.

खडूफळा

कोण नरमलं हे मोजता येतं. काय येऊ दिलं नाही हे मोजता येत नाही. असो. इथे आपलं पटणार नाही.

पाणवठा

मध्ये पडतो. दोघांच्याही बोलण्यात ‘विकसनशील’ शब्द आला. तो कोण ठरवतं? ज्याचा तो! डब्ल्यूटीओत तुम्ही स्वतःला विकसनशील म्हणवून घेता. सिंगापूरही त्यात आणि चाडही. दक्षिण कोरिया आणि ब्राझीलने २०१९ मध्ये पुढच्या वाटाघाटींत विकसनशील म्हणून सवलत मागणार नाही असं जाहीर केलं. सप्टेंबर २०२५ मध्ये चीननेही केलं. त्यासाठी एकही कलम बदलावं लागलं नाही, कुणाची सहमती लागली नाही. पुढारपण म्हणायचं तर मला हे जास्त पुढारपण वाटतं, मग मागे हिशेब काही का असेना.

जुनाट

पाणवठा, मस्त. मी खुर्चीकडे परत येतो, नाहीतर धागा हायजॅक केल्याचा आळ यायचा.

मासेमारीचं उदाहरण कुणीच घेतलं नाही. बेकायदा मासेमारीला आणि संपत आलेल्या साठ्यांवरच्या मासेमारीला सरकारी पैसा नको, ही वाटाघाट २००१ मध्ये सुरू झाली. जून २०२२ ची जिनिव्हाची परिषद १५ तारखेला संपायची होती. ओकोंजो-इवेला यांनी ती संपू दिली नाही. खोलीखोलीतून बैठका, मंत्र्यांची विमानं पुढे ढकलली, १७ तारखेच्या पहाटे करार झाला. तोही अर्धा: अतिक्षमतेचा, म्हणजे गरजेपेक्षा मोठ्या मासेमारी ताफ्यांचा, अवघड भाग वगळून. मग सदस्यांच्या मंजुऱ्या गोळा करत तो १५ सप्टेंबर २०२५ ला लागू झाला.

डंकेलनी मजकूर लिहिला, या बाईंनी दार लावून घेतलं. अधिकार दोघांनाही नव्हता.

तळटीप

आणि २००३ मध्ये कानकुनच्या मंत्री परिषदेत अध्यक्षांनी नेमकं उलटं केलं. मेक्सिकोच्या मंत्र्यांनी बैठक दुपारीच गुंडाळली, कित्येकांना अजून वेळ आहे असं वाटत होतं. तेव्हा हातोडा कधी आपटायचा आणि कधी नाही, एवढं तरी त्या खुर्च्यांकडे आहे हे मान्य.

मात्र एप्रिल २०२५ नंतरच्या अमेरिकी शुल्कांसमोर महासंचालकांची वेळ साधायची कला कामाची नाही. तिथे मूळ तत्त्वच पणाला लागलंय: एका सदस्याला दिलेला जकातीचा दर सगळ्यांना. ओकोंजो-इवेलांनीच २०२५ मध्ये सांगितलं, की जगाचा ७२ टक्के व्यापार अजून या तत्त्वावर चालतो. आधी तो सुमारे ८० होता. कुणाला हा पेला रिकामा होताना दिसेल. मला आश्चर्य वाटतं ते ७२ चं.

रेवती_

मलाही. आणि हे ७२ टक्के कुणा नेत्यामुळे नाहीत, बाकीच्यांनी अमेरिकेची नक्कल केली नाही म्हणून आहेत.

अर्धविराम

सगळ्यांचे आभार, इतकं मिळेल वाटलं नव्हतं. लेखातलं एक वाक्य मी मागे घेतो, एकात भर घालतो. ‘ती सोय आधी काढा’ हे खडूफळा सरांनंतर जसंच्या तसं म्हणवत नाही. त्याऐवजी निदान एवढं: जो अडवतो त्याने कारण लेखी द्यावं, आणि काय दिल्यावर हात खाली येईल तेही सांगावं. वॉकर यांच्या कागदावर अमेरिकेने हे केलं नाही. सर, धान्यसाठ्यावर भारताने केलंय, हे तुमच्या बाजूने.

दुसरं, ‘महासंचालकाविना’ लिहिलं त्यात भर: चार उपमहासंचालक होते. त्यांच्यातला एक हंगामी नेमायची पद्धत, पण अमेरिकेने आपलाच माणूस हवा म्हणून धरून ठेवलं, तेव्हा तेही जमलं नाही आणि चौघांनी मिळून कारभार पाहिला.

मीच_तो

मग आता पुढची निवड कधी? तेव्हा पुन्हा हाच तमाशा?

तळटीप

ओकोंजो-इवेलांची दुसरी मुदत १ सप्टेंबर २०२५ ला सुरू झाली, चार वर्षांची. म्हणजे ऑगस्ट २०२९ पर्यंत.

त्यातली गंमत सांगतो. पहिली मुदत ऑगस्ट २०२५ पर्यंत होती, तरी आफ्रिकी देशांच्या विनंतीवरून निवडीची प्रक्रिया आधीच सुरू केली. उमेदवार एकच. २९ नोव्हेंबर २०२४ ला सर्वसाधारण परिषदेची खास बैठक बोलावून, मुदत संपायच्या नऊ महिने आधी, सहमतीने फेरनियुक्ती उरकून टाकली. वॉशिंग्टनमध्ये नवं सरकार २० जानेवारीला येणार होतं.